जुन्या कापड गिरणीत स्क्वॉशची कोर्टे: जागा कोणती निवडावी आणि काम कोणत्या क्रमाने करावे

आपण कळवलेली माहिती थोडक्यात अशी आहे. सोलापूर भागातील एका लहान कापड गिरणीचे आवार आपल्या कुटुंबाकडे आहे आणि त्यातील बांधकाम बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आहे. साचेखात्याची (साचे म्हणजे कापड विणण्याचे माग) प्रशस्त एकमजली शेड, कताई खात्याची तीन मजली इमारत, वाफेच्या इंजिनाचे घर, त्याला लागून बॉयलरघर व चिमणी, आणि गाठी ठेवण्याचे गोदाम एवढे तेथे उभे आहे. आपल्याला स्क्वॉशची तीन-चार कोर्टे करायची आहेत आणि जमल्यास पॅडलचेही (टेनिससारखा, भिंतींनी वेढलेल्या कोर्टात चौघांनी खेळायचा खेळ) एक हवे आहे. साचेखात्याची शेड सर्वांत मोठी व देखणी असल्यामुळे कोर्टे तेथेच घ्यावीत आणि खर्च वाचवण्यासाठी जुन्या भक्कम भिंतींनाच गिलावा करून त्या कोर्टाच्या भिंती म्हणून वापराव्यात, असा आपला विचार आहे. या दोन्ही गोष्टी करू नयेत, असे माझे मत आहे. कोर्टे गोदामात घ्यावीत आणि तीही जुन्या भिंतींना न चिकटणाऱ्या स्वतंत्र पेट्यांच्या रूपात उभी करावीत. त्याची कारणे सविस्तर देतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांवरच अवलंबून राहणार आहे.

प्रथम मापे पाहू. स्क्वॉशच्या एकेरी कोर्टाची आतली लांबी ९.७५ मीटर आणि रुंदी ६.४० मीटर असते, समोरच्या भिंतीवरची वरची रेषा ४.५७ मीटरवर येते आणि जमिनीपासून दिव्यापर्यंत किमान ५.६४ मीटर मोकळी उंची लागते. पॅडलचे कोर्ट २० मीटर लांब व १० मीटर रुंद असते. त्याला किमान ६ मीटर मोकळी उंची मागितली जाते, परंतु चेंडू उंच उडवून खेळणे हा या खेळाचा प्राणच असल्याने ८ मीटरपेक्षा कमी उंचीत खेळणारे नाराज होतात. लांबी-रुंदीपेक्षा उंचीचाच अडसर गिरण्यांमध्ये अधिक येतो, कारण गिरणीची प्रत्येक खोली तिथल्या यंत्राच्या मापाने बांधलेली असते आणि बहुतेक यंत्रे माणसाच्या हाताला येतील एवढीच उंच असत.

साचेखात्याची शेड हे त्याचे स्पष्ट उदाहरण आहे. करवतीच्या दात्यांसारखे दिसणारे तिचे छप्पर उत्तरेकडून येणारा सौम्य, सावली न पाडणारा उजेड मागावर पडावा यासाठी रचलेले असते. दोन दात्यांमधील पन्हळीचे पाणी बहुधा पोकळ खांबांतून किंवा त्यांच्या शेजारच्या नळांतून खाली उतरते. आपण दिलेल्या मापांनुसार पन्हळीखालची उंची १४ फूट, म्हणजे सुमारे ४.२७ मीटर आहे आणि खांबांचे अंतर एका दिशेने १२ फूट व दुसऱ्या दिशेने २२ फूट आहे. स्क्वॉशचे कोर्ट २१ फुटांहून थोडे अधिक रुंद असते. त्यामुळे एका दिशेने ते कसेबसे बसेल, परंतु ३२ फुटांच्या लांबीत खांबांच्या किमान दोन ओळी येतीलच. खांब काढून पोलादी तुळया टाकता येतात आणि तसे सुचवणारे ठेकेदारही आपल्याला भेटतील. मात्र खांब काढला की त्याच्यावरची पन्हळ, पन्हळीवरचे दोन्ही दाते आणि पाण्याची वाट हे सर्व एकदम बदलावे लागते, आणि एवढे करूनही उंचीचा प्रश्न तसाच राहतो. जिचे छप्पर उंचावले, खांब हलवले आणि उजेडाच्या काचा झाकल्या ती शेड जतन केली असे म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय छतातून येणारा दिवसाचा उजेड स्क्वॉशला उपयोगाचा नसतो, कारण छोटा काळा चेंडू पांढऱ्या भिंतीवर सर्वत्र सारखाच दिसला पाहिजे. जो गुण या शेडचे वैभव आहे, तोच या खेळाला नको आहे. कपडे बदलण्याच्या खोल्या, व्यायामशाळा, टेबल टेनिस, उपाहारगृह आणि दोन-चार जुने साचे जागच्या जागी ठेवून केलेले छोटे दालन यांसाठी ही शेड उत्तम आहे.

कताई खात्याची इमारत मी सर्वांत आधी बाजूला ठेवतो. प्रत्येक मजल्याची उंची चार-सव्वाचार मीटर असल्यामुळे मधला एक मजला काढून दुप्पट उंची मिळवण्याचा मोह होतो. ही कल्पना धोकादायक आहे. या इमारतींचे मजले बहुधा लोखंडी तुळयांमध्ये बांधलेल्या विटांच्या उथळ कमानींचे असतात. प्रत्येक कमान बाजूच्या कमानीला आडवी रेटत असते आणि शेवटच्या गाळ्यात तो रेटा लोखंडी सळ्या सांभाळतात. मधला एक गाळा काढला की शेजारच्या कमानींचा रेटा अडवायला कोणी उरत नाही. त्याचबरोबर बाहेरच्या उंच भिंतींना मजल्यागणिक मिळणारा आधारही जातो आणि भूकंपाच्या धक्क्याला ती भिंत बाहेर झुकण्याची शक्यता वाढते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

इंजिनघर मात्र मौल्यवान आहे. एकाच भल्यामोठ्या वाफेच्या इंजिनासाठी बांधलेली ही खोली उंच, बिनखांबी आणि जाड भिंतींची असते. आपण दिलेली १७ मीटर लांबी, ९ मीटर रुंदी आणि कैचीखालची (कैची म्हणजे छप्पर तोलणारा त्रिकोणी सांगाडा) ८ मीटर उंची पाहता तेथे एक कोर्ट अगदी सहज बसते आणि काचेच्या मागच्या भिंतीपलीकडे सुमारे सात मीटर जागा उरते. सामन्यांचे एक कोर्ट येथे करावे आणि प्रेक्षकांच्या पायऱ्या त्या सात मीटरमध्ये घ्याव्यात. दोन कोर्टे बसवण्याचा हट्ट करू नये. शेजारी-शेजारी ठेवायची तर तेरा मीटरहून अधिक रुंदी लागते आणि एकामागे एक ठेवायची तर वीस मीटर लांबी लागते; आपल्याकडे दोन्ही नाहीत. इंजिनाचे जुने दगडी पाये जमिनीखाली असतील तर ते फोडू नयेत. त्यांच्यावरच कोर्टाची जमीन घेता येते आणि इतका घट्ट पाया विकत मिळत नाही.

आता गोदाम. लांबी ३६ मीटर, रुंदी १३ मीटर, मध्ये खांब नाहीत, छप्पर सागवानी कैच्यांचे आणि कैचीच्या आडव्या तुळईखाली ६.२ मीटर उंची, ही मापे वाचताच हा खेळ कोठे जायला हवा हे ठरते. कोर्टाची लांबी गोदामाच्या रुंदीच्या दिशेने ठेवावी. कोर्टाच्या भिंतींची जाडी धरून सुमारे १०.१ मीटर जातात आणि मागे २.९ मीटरचा सलग मार्ग मिळतो, ज्यातून सर्व कोर्टांत प्रवेशही होतो आणि काचेतून खेळही पाहता येतो. जाडीसह प्रत्येक कोर्टाला सुमारे ६.७ मीटर धरले तर चार कोर्टांना २७ मीटर लागतात आणि एका टोकाला ९ मीटर उरतात. तेथे नोंदणी, प्राथमिक उपचार, रॅकेटला तारा बसवण्याचे टेबल आणि वातानुकूलनाची यंत्रे येऊ शकतात. उंचीत मात्र ५६ सेंटिमीटरचेच अंतर हातात आहे आणि त्यातून लाकडी जमिनीचे सुमारे १५ सेंटिमीटर वजा होतात. म्हणून दिवे तुळईच्या खाली लटकवता येणार नाहीत. ते दोन कैच्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात, कोर्टाच्या हलक्या छतात बसवावे लागतील. कैचीची आडवी तुळई वाटेत येते म्हणून ती कापून वर सरकवण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला नम्रपणे निरोप द्यावा. ती तुळई कैचीचे दोन्ही पाय बांधून ठेवते आणि ती कापली की छप्पर भिंतींना बाहेर ढकलू लागते.

याच गोदामात पॅडलचे एक कोर्ट कागदावर बसते. तरीही मी ते घेणार नाही. सहा मीटरच्या अगदी काठावरची उंची, डोक्यावर दर काही मीटरला येणारी सागवानी तुळई आणि एका कोर्टासाठी अडणारी वीस मीटर लांबी हा व्यवहार पटणारा नाही. हिशेब असाही करता येतो: स्क्वॉशच्या कोर्टाचे क्षेत्रफळ ६२.४ चौरस मीटर असून त्यात दोघे खेळतात, म्हणजे माणशी सुमारे ३१ चौरस मीटर. पॅडलला २०० चौरस मीटरवर चौघे, म्हणजे माणशी ५०. पॅडलची सध्याची लाट मला दिसत नाही असे नाही, पण त्याचे कोर्ट मोकळ्या आवारात जुन्या भिंतींपासून दूर, बोल्टने जोडलेल्या स्वतंत्र सांगाड्यावर करावे, म्हणजे लाट ओसरली तर ते उचलून नेता येईल. स्क्वॉशबद्दल तशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो प्रथमच खेळला जाणार असून प्रशिक्षणाच्या कोर्टांची मागणी वाढत राहील, असा माझा अंदाज आहे.

मोठ्या बिनखांबी दालनात कोर्टे मांडण्याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे आहे. १९१६ मध्ये बांधलेल्या तेथील लष्करी कवायतगृहात २०२१ साली अमेरिकेच्या स्क्वॉश संघटनेचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले आणि त्यात दुहेरीच्या दोन कोर्टांसह एकूण वीस कोर्टे आहेत. ती इमारत गिरणी नव्हे, पण प्रश्न तोच होता: वरचे छप्पर न बिघडवता खाली मापाच्या बंदिस्त खोल्या कशा उभ्या करायच्या. उलट दिशेचा एक किस्सा या खेळाच्या जाणकारांना ठाऊक असतो. शिकागो विद्यापीठातील प्रेक्षक-सज्जाखालच्या रॅकेट्सच्या (स्क्वॉश ज्यातून निघाला त्या जुन्या खेळाच्या) कोर्टात २ डिसेंबर १९४२ रोजी जगातील पहिली कृत्रिम अणुभट्टी चालवण्यात आली.

जुन्या भिंतींनाच कोर्टाच्या भिंती का करू नये, याकडे आता वळतो. जुनी भिंत विटांची आणि चुन्याच्या सांध्यांची असते. तिला ओलरोधक थर नसतो, त्यामुळे जमिनीतील ओल तिच्यातून वर चढते आणि दोन्ही बाजूंनी हवेत निघून जाते. भिंत या श्वासावर जगते. तिच्यावर सिमेंटचा कठीण गिलावा दिला की ओल आत कोंडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्यासकट विटांचा पृष्ठभाग सुटू लागतो. दुसरीकडे स्क्वॉशच्या भिंतीला संपूर्ण सपाटी, सर्वत्र सारखा टणकपणा आणि चेंडूचे लाखो आघात सोसण्याची ताकद लागते. कोर्ट काटकोनात आहे की नाही हे कर्णाने तपासतात. तो सुमारे ११.६६ मीटर भरला पाहिजे आणि दोन्ही कर्णांत फरक जाणवता कामा नये. शंभर-सव्वाशे वर्षांत किंचित झुकलेली भिंत या कसोटीला उतरत नाही आणि ती ओळंब्यात आणण्यासाठी दहा सेंटिमीटर गिलावा चढवणे म्हणजे तिच्यावर व्यर्थ वजन लादणे होय.

म्हणून कोर्ट म्हणजे स्वतःच्या पायावर, स्वतःच्या पोलादी सांगाड्यावर उभी असलेली पेटी असावी आणि तिच्या बाहेरच्या अंगापासून जुन्या भिंतीपर्यंत माणूस अंग वळवून जाऊ शकेल एवढे अंतर शक्य तेथे ठेवावे. आपल्या गोदामात समोरच्या बाजूला हे अंतर हवे असेल तर मागचा मार्ग २.३ ते २.४ मीटरवर आणावा लागेल. ती तडजोड मी आनंदाने करीन. त्या अंतरातून भिंतीची पाहणी करता येते, हवा फिरते, चेंडूचा धक्का जुन्या बांधकामात शिरत नाही आणि पुढेमागे पेटी काढली तर गोदाम होते तसे परत मिळते. वारसा समितीपुढे प्रस्ताव मांडताना हा शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त कामास येतो.

जमिनीबाबत एक इशारा आवश्यक आहे. स्क्वॉशची जमीन लवचीक आधारावर ठेवलेल्या कठीण लाकडाची, बहुधा बीच किंवा मेपलची असते आणि बुटांची पकड राहावी म्हणून तिला पॉलिश करत नाहीत. असे लाकूड ओल शोषून फुगते. त्यासाठी खाली काँक्रीट आणि ओलरोधक पडदा लागतोच. पण हा पडदा भिंतीपर्यंत नेला तर फरशीखालची सगळी ओल बाजूला सरकून जुन्या भिंतीत चढते. म्हणून काँक्रीट पेटीपुरतेच करावे, भिंतीलगतच्या पट्ट्यात खडी भरून त्यावर जुनीच शहाबादी फरशी चुन्यात बसवावी आणि बाहेरच्या बाजूला जोत्याभोवतीचे पाणी दूर नेणारी गटारे आधी दुरुस्त करावीत. छपराच्या पन्हळी आणि ही गटारे नीट होऊन एक पावसाळा जाऊ द्यावा. त्या पावसाळ्यात भिंती किती कोरड्या राहिल्या हे मोजल्याशिवाय लाकूड मागवू नये.

उष्णतेचा प्रश्न सोलापुरात टाळता येत नाही. जागतिक स्क्वॉश संघटनेच्या शिफारशीनुसार कोर्टातील तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस असावे आणि ताशी किमान चार वेळा हवा बदलावी. आपल्याकडे उन्हाळ्यात वीस अंश राखणे खर्चिक आहे, परंतु छपराखाली चाळीस अंशांची हवा साठून राहिली तर रबरी चेंडू तापून इतका उसळतो की खेळाचे स्वरूपच बदलते. येथेही पेटीचाच उपयोग होतो. एका कोर्टाचे घनफळ सुमारे ३५० घनमीटर असते. पेटीला स्वतःचे उष्णतारोधक छत दिले तर तेवढीच हवा थंड करावी लागते आणि कौलांखालची गरम हवा कळसाच्या झडपांतून वरच्या वर निघून जाते. संपूर्ण गोदाम थंड करण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा. पावसाळ्यात उलट अडचण येते: खेळाडूंच्या घामाची वाफ थंड भिंतीवर बसून जमीन निसरडी होते. म्हणून नुसते थंड करणारे नव्हे, तर हवेतील ओलावा काढणारे यंत्र घ्यावे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकातच हवेत ओलावा सोडणारी यंत्रे बसवली होती, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. आपल्याला नेमके त्याच्या उलट करायचे आहे.

लोखंडकामाची ओळख पटवणे हे संरचना अभियंत्याचे पहिले काम असले पाहिजे. या काळातील गिरण्यांत बिडाचे खांब आणि पोलादी तुळया एकत्र आढळतात. तुळयांवर ब्रिटनमधील कारखान्यांची उठावदार नावे अनेकदा शाबूत असतात आणि त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. बीड दाबाला भक्कम असते, पण ताणाला व आघाताला ठिसूळ. त्याच्यावर नवे कंस वेल्डिंगने जोडू नयेत, कारण तापून थंड होताना तेथेच तडा जातो; दोन भागांचा पट्टा खांबाभोवती बोल्टने आवळावा. पोकळ खांब ओतताना आतला गाभा सरकलेला असण्याची शक्यता असते आणि मग एका बाजूची जाडी दुसऱ्या बाजूच्या निम्मीच भरते. समोरासमोर बारीक छिद्रे पाडून ही जाडी मोजल्याशिवाय कोणताही नवा भार त्या खांबावर टाकू नये. वाळूचा जोरदार झोत मारून विटा किंवा लोखंड स्वच्छ करण्याची पद्धत अजूनही लोकप्रिय आहे. विटेचे भाजलेले वरचे कवच त्यामुळे एका दिवसात जाते, म्हणून मी तिला परवानगी देत नाही.

छपरावर नंतरच्या काळात घातलेले सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे. ते कोरडे कापणे, घासणे किंवा फोडणे टाळावे आणि भिजवून, अख्खे उतरवून, अधिकृत ठिकाणीच विल्हेवाट लावणाऱ्या संस्थेकडून ते काढून घ्यावे. इंजिनघराच्या फरशीत मुरलेले वंगणही तपासावे. त्यावर नवा थर चिकटत नाही आणि आगीचा धोका राहतो तो वेगळाच.

परवानग्यांबाबत थोडक्यात सांगतो. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींना १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ आणि त्यातील २००१ चा बदल यांमुळे वेगळाच इतिहास मिळाला. तो आपल्याला लागू नाही, त्यामुळे मुंबईच्या सल्लागाराचा जुना प्रस्ताव नक्कल करू नये. आपल्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि २०२० ची एकत्रिकृत नियमावली महत्त्वाची आहे. जागेचा वापर औद्योगिकवरून क्रीडेकडे बदलणे, आवार वारसा यादीत असल्यास त्या समितीची संमती आणि अग्निसुरक्षेसाठी २००६ च्या राज्य कायद्याखालील ना-हरकत प्रमाणपत्र ही तीन कामे एकाच वेळी सुरू करावीत. आगीच्या अधिकाऱ्यांना सागवानी छपराची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. गोदामाची जुनी मोठी दारे दोन्ही टोकांना बाहेर उघडणारी करून दाखवली की निम्मे आक्षेप तेथेच मिटतात.

आवाजाचा विचार शेजाऱ्यांच्या तक्रारीआधी करावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पेटीतला स्क्वॉश बाहेर फारसा ऐकू येत नाही. उघड्यावरचे पॅडल मात्र ऐकू येते, आणि पिकलबॉल त्याहूनही अधिक. आवाराला लागून गिरणी कामगारांच्या चाळी असतील तर तेथे सकाळी सहाला चेंडू वाजू लागणे शहाणपणाचे नाही. त्याच चाळींतील मुलांसाठी दुपारच्या वेळी दोन कोर्टे सवलतीत ठेवावीत, असे मी प्रत्येक मालकाला सुचवतो. दुपारी बारा ते चार ही कोर्टे तशीही रिकामीच असतात.

खर्चाची रक्कम मोजणी झाल्याशिवाय सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. मात्र जुन्या बांधकामात अंदाजपत्रकाच्या २० ते २५ टक्के रक्कम अनपेक्षित दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी आणि ती सजावटीसाठी मोडू देऊ नये. कोर्ट पुरवणारी कंपनी आगाऊ रकमेवर मोठी सवलत देऊन लवकर करार करण्याचा आग्रह धरील. आधी संपूर्ण आवाराची मोजणी, मग लोखंड व लाकूड यांची तपासणी, त्यानंतर छप्पर, पन्हळी व गटारे, मग एक पावसाळा, आणि त्यानंतरच कोर्टांची मागणी, असा क्रम ठेवावा. मोजणी करताना गोदामाच्या प्रत्येक कैचीखालची उंची स्वतंत्रपणे घ्यायला सांगावे. आपण एकच आकडा, ६.२ मीटर, कळवला आहे. पण लाकडी कैच्या सारख्या वाकत नाहीत आणि चारपैकी एखादे कोर्ट कोणत्या गाळ्यात घ्यायचे नाही, हे कदाचित त्यांतल्या सर्वांत खाली आलेल्या कैचीवरूनच ठरेल.